माझ्या जातीच्या नावावर

मी एक म्हातारा, एका डोळ्याने अधू झालेला कुत्रा आहे. मित्रांनो, माझी जात सांगायची वेळ आली की माझी मान आपोआप खाली जाते. तरी सांगायलाच हवी, कारण ही सगळी हकिगत त्या जातीपासूनच सुरू होते. मी रॉटवायलर आहे. रुंद छाती, काळंभोर अंग, भुवयांवर दोन तांबूस ठिपके आणि मोठा जबडा. हे नाव ऐकल्याबरोबर तुमच्यातला एखादा जण आईच्या मागे सरकला असेल. सरकू द्या. मला त्याची सवय आहे.

माझा जन्म नाशिकजवळ देवळाली कॅम्पात, कुत्र्यांची पिल्लं विकणाऱ्या एका माणसाच्या बंगल्यात झाला. डोळेही नीट उघडले नव्हते तेव्हा माझं शेपूट कापलं गेलं. रॉटवायलर कसा रुबाबदार दिसायला हवा, म्हणून. दुखलं असेल, आता आठवत नाही. पण त्या कापलेल्या शेपटाने पुढे माझा घात केला, ते ओघात येईलच.

आम्ही पिल्लं थोडी दुडदुडू लागलो तेव्हा एका रविवारी तिघं जण आले. गंगापूर रोडला राहणारे विश्वेश, त्यांची बायको तेजल आणि मुलगी सई. सई तेव्हा तिसरीत होती. मी तिच्याकडूनच शिकून त्या दोघांना बाबा आणि आई म्हणू लागलो, म्हणून इथेही तसंच म्हणेन.

कुत्रा कोणता घ्यावा यावर त्यांच्या घरी बरीच खलबतं झाली होती. मला ती नंतर तुकड्यातुकड्यांनी ऐकायला मिळाली. मावशी म्हणाली होती, लॅब्रॅडॉर घ्या, पोरांत रमतो. वरच्या मजल्यावरच्यांनी सांगितलं, पॉमेरेनियन नको, भुंकून भुंकून जीव नकोसा करतो. त्र्यंबकच्या काकांचं म्हणणं होतं की गावठी कुत्रं उत्तम. दुखत नाही, खुपत नाही, मिळेल ते खातं. आईने फोनवर रोज काहीबाही वाचून लॅब्रॅडॉर पक्का केला होता. सईला तर चार पाय असलेलं काहीही चाललं असतं.

आल्या आल्या सई लॅब्रॅडॉरच्या पिल्लांत जाऊन बसली. बाबा मात्र आमच्या खोलीच्या दाराशी थबकले.

"हे कोणते?" त्यांनी विचारलं.

"रॉटवायलर, साहेब," तो माणूस म्हणाला. "हा दारात बसलेला असला ना, की बेल दाबायच्या आधी माणूस दहा वेळा विचार करतो."

बाबा हसले. मोठ्याने नाही, आतल्या आत. आई मागून म्हणाली, "अरे, आपल्याकडे येतंय कोण? आणि ही जात घरात, लहान मुलीजवळ? किती काय काय ऐकतो आपण यांच्याबद्दल."

"वळण लावू ना आपण," बाबा म्हणाले.

बाबांच्या मनात काय चाललं होतं, ते मला फार पुढे कळलं. अंबडच्या एका कारखान्यात ते हिशेबाच्या खात्यात होते. अंगाने किरकोळ, आवाज बारीक. कामावर वरिष्ठ त्यांचं वाक्य पुरं होऊ देत नसत. सोसायटीच्या सभेत ते बोलायला उभे राहिले की लोक आपसात बोलायला लागत. माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. कोणी ऐकत नाही म्हणून आतून कुढणारा होता. त्या दिवशी त्यांनी माझी जात निवडली. मला त्यातलं काय कळणार? त्यांच्या बुटाला ऊन लागून तो कोमट झाला होता. मी त्यावर हनुवटी ठेवली आणि झोपून गेलो.

त्यांनी माझं नाव सीझर ठेवलं. सई मला सीजू म्हणायची.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. सई अभ्यास करताना मी तिच्या पायांवर पडून राहायचो. आई मला दहीभात कालवून द्यायची आणि मिशांना लागलेला भात ओरडत ओरडत पुसायची. कुत्र्यांना वळण लावणाऱ्या एका गृहस्थांकडे बाबांनी माझं नाव घातलं. तिथे मी बसायला, थांबायला शिकलो. पण मी माणसांत कसं वागावं, हे ज्या दिवसांत शिकवायचं होतं, त्या दिवसांत बाबांनी जाणं बंद केलं. आईने विचारलं तर म्हणाले, "फार माणसाळवला तर राखण काय करणार?"

मी वाढत गेलो. आणि मी जसजसा वाढलो, तसतसे बाबाही वाढले.

सकाळी आम्ही सोमेश्वरच्या रस्त्याने फिरायला जायचो. बाबांनी माझ्यासाठी जाडजूड, चकाकणारी साखळी आणली होती. तिचे दोन वेढे ते मनगटाभोवती घ्यायचे. समोरून येणारे लोक मला बघून पलीकडच्या बाजूला जायचे. फिरायला आलेल्या बायका बोलणं थांबवायच्या. बाबांची पाठ ताठ व्हायची. मुलं विचारायची, "काका, हा चावतो का?" त्यावर बाबांचं एक ठरलेलं उत्तर होतं: "तसा चावत नाही. पण सांगता येत नाही."

ते वाक्य ऐकलं की मला कसंसंच व्हायचं. मी कधी कोणाला दात लावला नव्हता. एखादं मूल हात पुढे करायचं आणि हे वाक्य ऐकताच तो हात मागे जायचा. मी जमिनीकडे बघायचो. लोकांना वाटायचं, हा डूख धरून बघतोय.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर सुधाताई राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, एकट्याच. सोसायटीचं कामकाज त्याच बघायच्या, आणि मनात असेल ते तोंडावर बोलायच्या. मला घरी आणलं त्याच दिवशी त्या बाबांना म्हणाल्या होत्या, "विश्वेश, हौस म्हणून ठीक आहे, पण ही जात सांभाळायला हात खंबीर लागतो. आणि खाली आणताना त्याच्या तोंडाला मुसकं घाला." बाबांना ते लागलं. मुसकं त्यांनी आणलं, पण ते खुंटीलाच राहिलं.

सुधाताई मला फार भ्यायच्या. मी जिना उतरताना दिसलो की त्या दार लावून घ्यायच्या. आणि बाबांना त्यांनी दार लावून घेतलेलं आवडायचं. हे सांगतानाही माझे कान पडतात. पण खरं ते खरं.

थंडीचे दिवस होते. संध्याकाळी आम्ही फिरून आलो तेव्हा सुधाताई भाजीची पिशवी घेऊन फाटकातून आत येत होत्या. बाबांची गाडी नेहमीसारखी त्यांच्या दारासमोर आडवी लावलेली होती.

"विश्वेश, किती वेळा सांगायचं?" त्या म्हणाल्या. "मला माझी स्कूटर काढता येत नाही. उद्यापासून गाडी इथे दिसता कामा नये."

"बघू," बाबा म्हणाले.

"बघू नाही. आणि कुत्र्याला मुसकं का नाही?"

"तुम्हाला भीती वाटत असेल तर तुम्ही घरात थांबा."

सुधाताई थांबल्या. त्यांचा आवाज चढला नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "या मुक्या जनावराच्या जिवावर बोलताय तुम्ही. एरवी तुमच्या तोंडून शब्द फुटत नव्हता."

बाबांनी साखळी आवळली. तो ताण माझ्या गळ्यापर्यंत आला. मग मनगटाचा एक वेढा उलगडला. मग दुसरा. साखळी हलकी झाली. बाबा हळूच म्हणाले, "जा."

मित्रांनो, मी गेलो. कशासाठी गेलो ते सांगतो. त्या पिशवीत मटाराच्या शेंगा होत्या आणि सई मला मटार भरवायची. शिवाय सुधाताईंचा वास घ्यायची मला किती दिवस ओढ होती. रोज फक्त बंद दाराच्या फटीतून तो यायचा. मी आनंदाने गेलो. मला शेपूट असतं, तर ते इतकं हललं असतं की आंधळ्यालाही दिसलं असतं. पण ते कापलेलं होतं. सुधाताईंना दिसला तो फक्त अंगावर धावून येणारा काळा जबडा.

त्या मागे सरकल्या. त्यांची टाच पायरीला अडखळली आणि त्या कुशीवर पडल्या. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. शेंगा फरशीवर विखुरल्या. त्या शेंगांना मी तोंडही लावलं नाही. मी सुधाताईंचा हात चाटला, तर त्या अशा किंचाळल्या की सगळी इमारत बाहेर आली.

"सुटला हो, सुटला!" बाबा ओरडले. "ओढून घेतली साखळी त्याने!"

कोणी काही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. "रॉटवायलरच तो," कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांना सगळं समजलं. माझी जात कामाला आली. बाबांची करणी माझ्या जातीच्या नावावर बिनबोभाट खपून गेली.

फक्त जिन्यात सई उभी होती. खेळायला निघाली होती, हातात बॅडमिंटनची रॅकेट होती. तिने बाबांच्या मोकळ्या मनगटाकडे पाहिलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग ती मुकाट्याने वर निघून गेली.

सुधाताईंच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया करावी लागली. बाबा दवाखान्यात रोज जायचे, डबा द्यायचे, औषधं आणायचे. लोक म्हणायचे, माणूस भला आहे, कुत्राच वाईट निघाला. ते ऐकून बाबा घरी यायचे आणि जेवणाचं ताट तसंच सरकवून द्यायचे.

मला गॅलरीत बांधलं. तोंडाला मुसकं आलं. बाबा माझ्यासमोर भांडं ठेवायचे तेव्हा त्यांची नजर भांड्यावरच असायची. मला वाटायचं, मीच काहीतरी भयंकर केलं असणार. एक बाई पडल्या होत्या, त्यांचं हाड मोडलं होतं, आणि मी तिथे होतो. एवढं तर खरंच होतं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो.

एकदा आईने स्वयंपाकघरात विचारलं, "विश्वेश, खरंच सुटला का रे तो?"

"एवढी ताकद आहे त्याच्यात, तेजल. सुटणारच ना."

आईने गॅस बारीक केला आणि बराच वेळ आमटी ढवळत राहिली. सई तिथेच होती. ती वहीत मान घालून बसली.

सोसायटीने ठरवलं की कुत्रा इमारतीत नको. बाबांच्या ओळखीचे गेणू नावाचे एक द्राक्षबागायतदार दिंडोरीजवळ राहत होते. बाबांनी मला गाडीत घातलं आणि त्यांच्या मळ्यात नेऊन सोडलं. निघताना ते गेणूबाबांना म्हणाले, "जरा जपून हं. एका बाईंवर धावून गेला होता."

मित्रांनो, माणूस निघून जातो, पण त्याने सांगितलेली गोष्ट मागे राहते. माझ्याआधी माझी कीर्ती सगळ्या मळ्यात पोचली.

गेणूबाबांच्या बायकोला, कुसाबाईंना, ते पटलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "याचे डोळे तर गायीवानी हायेत. ह्यो कशाला कोनावर धावून जाईल?" पण गेणूबाबा सावध माणूस. त्यांनी मला शेडच्या खांबाला आखूड साखळीने बांधलं. छाटणीला, बांधणीला आलेल्या मजुरांना ते बजावून सांगायचे, "त्या काळ्याच्या जवळ जाऊ नका. लय वाईट जात हाय ती."

दिवसभर फवारणीचा उग्र वास, ट्रॅक्टरची घरघर आणि दुरून जाणारी माणसं. कुसाबाई भाकरी टाकायच्या, पाणी भरायच्या, दोन शब्द बोलायच्या. बाकी कोणी नाही. फाटकाशी गाडी वाजली की मी उठून उभा राहायचो. ती बाबांची नसायची.

द्राक्षाचा खुडा, म्हणजे काढणी, सुरू झाली तेव्हा पेठ तालुक्याकडून मजुरांची बिऱ्हाडं आली. त्यांत झिपरू नावाचा एक जण होता, आणि त्याची एवढीशी मुलगी, नुकती चालायला लागलेली. आईबाप वेलींत गुंतलेले असताना एका दुपारी ती डुलत डुलत माझ्यापाशी आली. तिच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तिला माझी जात कोणी सांगितली नव्हती, आणि सांगितली असती तरी कळली नसती. तिने तो तुकडा माझ्या नाकाशी धरला. मी तो ओठांनी अलगद घेतला. ती खिदळली आणि माझ्या मानेला बिलगली. कितीतरी महिन्यांनी कोणीतरी मला मिठी मारली होती. मी श्वास रोखून बसून राहिलो, हललो तर ती जाईल म्हणून.

झिपरूने वळून पाहिलं. त्याला दिसलं की माणसांवर धावून जाणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाशी आपली पोर आहे. त्याने हाताला लागला तो दगड उचलला आणि सगळं बळ लावून मारला.

तो दगड माझ्या डाव्या डोळ्यावर बसला.

त्याला मी दोष देत नाही. तो बाप होता. त्याला जे सांगितलं गेलं होतं, त्यावर त्याने विश्वास ठेवला. मुलगी सुखरूप आहे, तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही, हे दिसल्यावर तो मटकन खाली बसला. मी आखूड साखळीवर गोल गोल फिरत होतो आणि कुसाबाई पदराने माझं तोंड पुसत होत्या. नंतर तो रोज कामावर जाताना माझ्यासमोर क्षणभर थांबायचा.

जनावरांच्या डॉक्टरांनी डोळा काढला. चार-पाच दिवसांनी गेणूबाबांनी बाबांना फोन केला. दुसऱ्या दिवशी गाडी आली, आणि या वेळी ती बाबांचीच होती. सईही बरोबर होती.

मी उठलो. मला नीट दिसत नव्हतं, पण वास ओळखीचा होता. माझं सगळं मागचं अंग हलायला लागलं. मी बाबांच्या पायांत शिरलो. बाबांनी माझ्या डोळ्यावरची पट्टी पाहिली आणि ते गेणूबाबांवर उसळले.

"बांधलेल्या जनावराला दगड मारतात? काही माणुसकी आहे की नाही?"

गेणूबाबा ओशाळले. "साहेब, चुकलंच. पन त्यो धावून जातो म्हनून तुम्हीच सांगितलं व्हतं. पोर जवळ गेली, बापाचा जीव घाबरला."

"म्हणून डोळा फोडायचा?"

"बाबा," सई म्हणाली.

ती माझ्याजवळ बसली होती. तिने मान वर केली नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवता फिरवता ती म्हणाली, "साखळी सुटली नव्हती. तू सोडलीस. मी जिन्यात होते."

वेलींमध्ये कात्र्यांचा आवाज चालू होता. गेणूबाबांनी तोंड फिरवलं आणि काहीतरी काम आठवल्यासारखे ते दूर निघून गेले. कुसाबाई तिथेच राहिल्या.

बाबा शेडच्या कडेला, मातीतच बसले. "मला वाटलं, जरा घाबरतील," ते म्हणाले. "एवढंच. घाबरतील आणि घरात जातील. पडतील असं नव्हतं वाटलं गं मला."

"मग तसं का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

"मला पण वाटली," सई म्हणाली, आणि आता ती रडू लागली. "मी पण गप्प बसले. तुला पोलीस नेतील म्हणून. सीजूला नेलं तेव्हासुद्धा मी गप्प बसले."

मी दोघांच्या मध्ये उभा होतो. कोणाकडे आधी जावं ते मला कळेना. शेवटी मी बाबांच्या हाताखाली डोकं घातलं. त्यांनी हात काढून घेतला. माझा राग म्हणून नाही. आपला हात माझ्या डोक्यावर ठेवायची त्यांना हिंमत होईना.

त्या दिवशी मी नाशिकला परत आलो. सईने एकच हट्ट धरला. ती म्हणाली, "सुधाताईंना सांग. आणि सीजूसमोर सांग. त्याच्यावर घातलंस ना सगळं."

म्हणून मी तिथे होतो. सुधाताई खुर्चीत बसल्या होत्या, शेजारी चालायचा वॉकर. मी दाराबाहेर, तोंडाला मुसकं, माझी साखळी आईच्या हातात. मला बघून सुधाताईंचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले. तरी त्यांनी दार लावायला सांगितलं नाही. बाबांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वेढे उलगडल्याचं, 'जा' म्हटल्याचं, ओरडल्याचं.

सुधाताईंनी माझ्या पट्टी बांधलेल्या डोळ्याकडे पाहिलं.

"म्हणजे तो चावायला येत नव्हता," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मी त्याला केव्हाच माफ करून टाकलं होतं, विश्वेश. जनावर आहे, त्याला काय कळतं, असं म्हणून. ते सोपं होतं. तुमचं काय करू? तुम्ही मला डबे आणून देत होतात. मी तुम्हाला आशीर्वाद दिलेत."

बाबांनी मान खाली घातली.

"मला एकटीला सांगून भागायचं नाही," त्या म्हणाल्या. "ज्यांनी याला इथून घालवलं, त्या सगळ्यांना सांगा."

रविवारी सकाळी बाबांनी सगळ्यांना खाली बोलावलं. एके काळी सभेत त्यांचं कोणी ऐकत नसे. त्या दिवशी प्रत्येक शब्द ऐकला गेला. बोलणं संपल्यावर कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लोक एकेक करून निघून गेले. एका मुलाने आपल्या आईला विचारलं, "म्हणजे कुत्रा चांगला होता?" आईने त्याला ओढत नेलं. बाबा रिकाम्या आवारात उभे राहिले. आपल्या माणसाला असं उभं असलेलं बघणं फार वाईट असतं, मित्रांनो. माझ्या डोळ्याच्या खाचेत ठणका होता, पण ते दुखणं त्यापुढे काहीच नव्हतं. मला त्यांच्या पुढ्यात जाऊन उभं राहावंसं वाटत होतं, म्हणजे ते कोणाला दिसले नसते.

सुधाताईंच्याच शब्दावर मला राहू दिलं गेलं. अटी होत्या. बाहेर पडताना मुसकं, आणि माझं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायचं. आई मला रोज त्या गृहस्थांकडे नेऊ लागली. बाबांनी त्यानंतर माझ्या साखळीला हात लावला नाही. आम्ही फिरायला निघालो की साखळी आईकडे असायची आणि बाबा चार पावलं मागून, परक्यासारखे चालायचे. मी सारखा वळून बघायचो. गाडी आता रस्त्यावर, कोपऱ्यापलीकडे लावलेली असायची.

सुधाताईंची भीती गेली नाही. मोडलेलं हाड सांधतं, भीती तशी लवकर सांधत नाही. बाबा जिन्यातूनच हाक मारायचे, "सुधाताई, आम्ही उतरतोय." मग दार लागायचं. कितीतरी महिने लागत राहिलं.

एका सकाळी आईला ताप होता, म्हणून साखळी सईने धरली होती. मी अंगाने तिच्या दुप्पट. फाटकाशी मांजर दिसलं आणि मी नकळत ओढ घेतली, तशी ती पायरीवर धडपडली. बाबा मागे होते. त्यांचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला.

सुधाताई दारात काठी टेकून उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी दार लावलं नव्हतं.

"विश्वेश," त्या म्हणाल्या, "साखळी घ्या तिच्याकडून. ती लहान आहे."

"नाही धरवत हो मला, ताई."

"माहीत आहे मला. म्हणूनच तुम्ही धरा."

बाबांनी साखळी घेतली. मनगटाभोवती एक वेढा घेतला, मग दुसरा. सुधाताईंनी ते शेवटपर्यंत पाहिलं आणि मग त्या आत गेल्या. दार तेव्हा लागलं, पण सावकाश.

त्याला आता बरीच वर्षं झाली. सई उंच झाली, मी म्हातारा झालो. माझे मागचे पाय जिन्यावर साथ देत नाहीत, तेव्हा बाबा मला पोटाखाली हात घालून उतरवतात. रस्त्यात मुलं अजून विचारतात, हा चावतो का. बाबा थांबतात. "आजवर कोणाला चावलेला नाही," ते सांगतात, "पण मला विचारल्याशिवाय हात लावू नका, आणि मी त्याला धरलेलं असतानाच लावा." मुलं माझ्या कपाळाला हात लावतात. बाबा तेवढा वेळ दुसरीकडे बघतात. त्यांची लाज गेलेली नाही. ती जावी असं मलाही वाटत नाही. तिच्यामुळेच त्यांची मूठ घट्ट राहिली आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्या घरी कुत्रा आणायचं ठरेल. तुम्ही जाती बघाल, कोण प्रेमळ, कोण तापट ते वाचाल. जरूर वाचा. माझ्या जातीबद्दल तुम्ही जे ऐकता त्यातलं सगळंच खोटं नाही. आमचा जबडा मोठा आहे, अंगात बळ आहे, आणि आमच्यातल्या काहींनी माणसांना खरंच इजा केली आहे. ज्यांना आम्हाला वेळ देता येत नाही, वळण लावता येत नाही, त्यांनी आम्हाला आणूच नये. पण आमचा स्वभाव वाचून झाला की मोठ्या माणसांना एक विचारा: तुम्हाला हा कुत्रा कशासाठी हवा आहे? उत्तरात कुठे कोणाला घाबरवायची गोष्ट आली, तर रिकाम्या हातांनी घरी परत या. घाबरवून झालं की माणूस जेवायला आत जातो. त्याने पसरवलेली भीती आमच्या अंगावर राहते, आणि आम्ही जन्मभर चाटत बसलो तरी ती निघत नाही.